यंत्र शिकविता, कारभार केव्हा शिकविणार?

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतील मराठी शेतकऱ्याच्या हाती जमिनीचा जो उतारा पडतो तो आज संगणकातून छापून येतो, आणि तो कन्नडमध्ये असतो. कर्नाटक सरकारने 'भूमी' या नावाची ही योजना गेल्या शतकाच्या अखेरीस हाती घेतली, सुमारे ६७ लाख खातेदारांच्या सुमारे २ कोटी नोंदी संगणकात भरल्या आणि हस्तलिखित उताऱ्याची कायदेशीर किंमत संपुष्टात आणली. तलाठ्याच्या दप्तराभोवती घिरट्या घालण्याचा शेतकऱ्याचा त्रास त्यामुळे कमी झाला, हे मान्य करण्यात कोणताही कमीपणा नाही. परंतु १९५६ पूर्वी मुंबई राज्यात असताना ज्या गावांची दप्तरे मराठीत लिहिली जात होती, त्या गावांतील म्हातारा शेतकरी स्वतःच्या जमिनीवर स्वतःचे नाव बरोबर चढले आहे की नाही हे आज दुसऱ्याकडून वाचवून घेतो. ज्या प्रदेशात अल्पसंख्य भाषिकांची वस्ती १५ टक्क्यांहून अधिक आहे तेथे महत्त्वाच्या सूचना व नियम त्यांच्या भाषेत प्रसिद्ध व्हावेत, हे तत्त्व १९५६ आणि १९६१ साली देशातील राज्यकर्त्यांनी एकत्र बसून मान्य केलेले आहे. ते कागदावरच राहिले आहे.

हा अन्याय राजकीय आहे आणि त्याची दाद राजकीय मार्गानेच लागावयाची. ती आम्ही रस्त्यावर मागत आलो आहोत, आणि २००४ सालापासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयातही उभा आहे. आज आम्हांला बोलावयाचे आहे ते त्याच अन्यायाच्या एका दुर्लक्षित अंगाविषयी. उताऱ्याची भाषा छपाईच्या यंत्रात ठरत नाही. कळफलकावर बसलेला मुलगाही ती ठरवीत नाही. योजनेच्या पहिल्या महिन्यात चार माणसे टेबलाभोवती बसतात आणि या यंत्रणेकडून काय काय हवे आहे त्याचा मसुदा लिहितात. कोणते रकाने असावेत, कोणत्या लिपीत असावेत, चूक झाली तर ती कोणी आणि किती दिवसांत दुरुस्त करावी, हे सारे त्या मसुद्यात पक्के होते. पुढची वर्षे त्या मसुद्याची नुसती अंमलबजावणी चालते. त्या टेबलाशी आमचा एकही माणूस नसतो.

'संगणकात तशी सोय नाही' हे सरकारी खिडकीवरचे आवडते उत्तर आहे. जाणत्या माणसाने ते एका मिनिटात खोडून काढावे, इतके ते पोकळ आहे. भारतीय मानक संस्थेने १९९१ साली आपल्या लिप्यांसाठी जे संकेत ठरविले त्यांत देवनागरी 'क' आणि कन्नड 'क' यांना एकच क्रमांक दिला होता. लिपी बदलण्याची खूण केली की तीच नोंद दुसऱ्या लिपीत उमटावी, अशी ती योजना होती. आज जगभर चालणाऱ्या युनिकोडमध्येही देवनागरीच्या आणि कन्नडच्या अक्षरांची मांडणी समांतर आहे आणि दोन 'क'कारांत बरोबर ८९६ घरांचे अंतर आहे. ऱ्हस्व-दीर्घ 'ए' आणि 'ओ' यांची किरकोळ डागडुजी केली की माणसांची आणि गावांची नावे कन्नडमधून देवनागरीत आपोआप उतरतात. रकान्यांच्या ठराविक मथळ्यांचे भाषांतर एकदाच करावयाचे. बाकी राहतो तो शेऱ्यांचा मजकूर. तेथे माणसाची नजर लागेल. म्हणजे अडचण यंत्राची नाही, इच्छेची आहे. परंतु हे अधिकाऱ्यासमोर अंदाजपत्रकासह, दिवसांच्या हिशेबासह आणि कामाच्या क्रमासह मांडणारा तरुण आमच्या गावांतून तयार होतो काय?

येथे आम्ही आमच्या व्यवसायशिक्षणाकडे वळतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांची योजना देशात १९५० साली सुरू झाली. लेथ, वेल्डिंग, विजेची जोडणी यांनी बेळगावच्या उद्यमबागेतील कारखान्यांना हात पुरविले, आणि त्या हातांविषयी आम्हांला अभिमान आहे. संगणक आल्यावर त्याच साच्यात संगणकचालकाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम बसविण्यात आला. मुले टंकलेखन शिकतात, तक्ते भरतात, थोडीफार प्रोग्रॅमची ओळख करून घेतात आणि प्रमाणपत्र घेऊन झेरॉक्सच्या दुकानात बसतात. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने २०२५ पर्यंत निदान निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसायशिक्षणाचा अनुभव मिळावा असे म्हटले होते. पण अनुभव कशाचा, हा प्रश्न शिल्लकच आहे. लेथवर खिळ बसविली की खिळीचे माप तपासता येते. संगणकाच्या कामात माप तपासणारा आधी माप ठरवावे लागते, आणि ते ठरविण्याची विद्या पाठ्यक्रमाच्या कोपऱ्यातही नाही, किंवा असलीच तर परीक्षेतील चार गुणांची व्याख्या म्हणून आहे.

ही विद्या म्हणजे काय, हे थोडे उलगडून सांगितले पाहिजे, कारण 'व्यवस्थापन' हा शब्द उच्चारताच आमच्या लोकांच्या डोळ्यांसमोर टाय लावलेला, उंटावरून शेळ्या हाकणारा साहेब उभा राहतो. अमेरिकेतील आयबीएम कंपनीने १९६४ साली आपली 'सिस्टिम ३६०' ही संगणकमालिका जाहीर केली. तिच्यासाठी लिहावयाचे सॉफ्टवेअर ठरल्या वेळेच्या फार मागे पडले. त्या कामाचे प्रमुख असलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ साली पुस्तक लिहून स्वतःच्या अनुभवाचा अर्थ जगापुढे ठेवला : मागे पडलेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर आणखी माणसे घातली तर ते आणखीच मागे पडते. कारण उघड आहे. पाच माणसांत परस्पर बोलण्याच्या वाटा दहा असतात, दहा माणसांत पंचेचाळीस. शिवाय नव्या माणसाला काम समजावून देण्यात जुन्याचा दिवस जातो. एका चुलीवर दहा जणी भाकऱ्या थापायला बसल्या म्हणून तवा दहापट तापत नाही, हे आमच्या कोणत्याही आजीला ठाऊक आहे. मोठमोठ्या कंपन्यांना त्यासाठी कोट्यवधी डॉलर मोजावे लागले. डेन्व्हर शहराच्या नव्या विमानतळाचेही तसेच झाले. प्रवाशांचे सामान आपोआप वाहून नेणारी संगणकीय यंत्रणा वेळेत सिद्ध झाली नाही, काम चालू असताना विमानकंपन्या मागण्या बदलत राहिल्या, आणि १९९३ साली उघडावयाचा विमानतळ सोळा महिन्यांच्या विलंबाने १९९५ साली उघडला. ती यंत्रणा २००५ साली कायमची बंद करण्यात आली. तेथे यंत्रे निपुण होती, कारागीरही निपुण होते. कोणती मागणी केव्हापर्यंत स्वीकारावयाची आणि केव्हा 'आता नाही' म्हणावयाचे, एवढाच निर्णय चुकला.

हे असे निर्णय घेण्याचे शिक्षण कारागिराला देता येते, याचे उत्तम उदाहरण जर्मनीत आहे. तेथे 'फाखइन्फॉर्माटिकर' नावाचा संगणकव्यवसायाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम १९९७ साली सुरू झाला. विद्यार्थी विद्यापीठात जात नाही. तो काही दिवस कारखान्यात वा कचेरीत काम करतो आणि काही दिवस व्यवसायशाळेत शिकतो. अखेरच्या परीक्षेत त्याला स्वतः एक खरा प्रकल्प पार पाडावा लागतो. काम सुरू करण्यापूर्वी तो व्यापारी मंडळाकडे लेखी प्रस्ताव पाठवितो : ग्राहक कोण, आजची स्थिती काय, काय साधावयाचे, कोणत्या पायरीला किती तास. प्रस्ताव मंजूर झाल्याशिवाय कामाला हात लावता येत नाही. २०२० च्या नियमांनुसार जाळे आणि यंत्रणा उभारणाऱ्याला ४० तास मिळतात, सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला ८० तास. या तासांतच नियोजन, बांधणी, चाचणी आणि कागदपत्रे सर्व आले. नंतर परीक्षकांसमोर पंधरा मिनिटांत काम मांडावयाचे आणि प्रश्नांना तोंड द्यावयाचे. ठरविलेल्यापेक्षा तास जास्त का लागले, हे त्याला सांगता आले पाहिजे. वीस वर्षांचा कारागीर आपल्या अंदाजाचा जाब देतो, यातच त्या शिक्षणाचे मर्म आहे.

आमच्याकडे प्रकल्प नाहीत असे नाही. महाराष्ट्राच्या तंत्रशिक्षण मंडळाने पदविकेच्या शेवटच्या वर्षात आधी प्रकल्पाचे नियोजन व मग अंमलबजावणी असे दोन टप्पे ठेवले, हे चांगलेच झाले. परंतु सीमेच्या अलीकडे काय आणि पलीकडे काय, कॉलेजच्या मागच्या गल्लीत तयार प्रकल्प विकत मिळतो, हे कोणा प्राध्यापकाला ठाऊक नाही? 'ग्रंथालय व्यवस्थापन', 'रुग्णालय व्यवस्थापन', 'पगारपत्रक' ही तीन नावे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. काळ्या कापडी बांधणीचे पुस्तक, सोनेरी अक्षरे, आतील मजकूर गतसालचा. ग्रंथालय व्यवस्थापनाचा प्रकल्प सादर करून उत्तीर्ण झालेल्या मुलांपैकी किती जणांनी त्या वर्षात एखाद्या वाचनालयाची पायरी चढली असेल, हा विचार मनात येतो तेव्हा हसावे की रडावे हे कळत नाही.

म्हणून आमची सूचना त्या बदनाम विषयापासूनच सुरू होते. सीमाभागात गावोगावी मराठी वाचनालये आहेत. लोकांच्या वर्गणीवर ती जगली, सरकारी अनुदानाच्या हुलकावण्या सोसून टिकली. त्यांतील बहुतेकांची ग्रंथयादी अजून जाड वहीत आहे. पदविकेच्या चार विद्यार्थ्यांनी असे एक वाचनालय घ्यावे. बारा हजार पुस्तके आहेत असे धरू. एक मुलगा तासाला वीस पुस्तकांची नोंद करील, तर चौघे मिळून ऐंशी. म्हणजे दीडशे तास. रोज दोन तास धरले तर पंचाहत्तर दिवस. हा हिशेब कागदावर झाला. प्रत्यक्षात पहिल्या आठवड्यात कळेल की निम्म्या पुस्तकांची पाठपाने फाटली आहेत, संध्याकाळी वाचनालय वाचकांनी भरलेले असते आणि एकच टेबल मोकळे आहे. मग अंदाज बदलावा लागेल, आणि तो का बदलला हे वाचनालयाच्या चिटणीसांना सांगावे लागेल. चिटणीस म्हणतील, "बाळांनो, वर्गणीदारांचा हिशेबही यातच घाला ना!" तेव्हा नम्रपणे 'ते पुढच्या खेपेस' असे म्हणण्याचे धैर्य लागेल. त्या एका वाक्याने विद्यार्थी जे शिकेल ते शंभर व्याख्यानांनी शिकणार नाही.

आणखी एक बारकावा. एकाने 'पु. ल. देशपांडे' लिहिले, दुसऱ्याने 'देशपांडे पु. ल.', तिसऱ्याने 'पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे', तर संगणकाच्या लेखी हे तीन निरनिराळे लेखक झाले. वाचकाने एक नाव शोधले तर त्याला तिसराच हिस्सा सापडेल. नावे कशी लिहावयाची याचा नियम पहिल्या दिवशी, पहिल्या नोंदीच्या आधी ठरला पाहिजे. बारा हजारांनंतर ठरविला तर बैल गेला आणि झोपा केला. मग पहिल्या शंभर नोंदी झाल्या की थांबावे, त्या ग्रंथपालांना दाखवाव्यात, चुका सुधाराव्यात आणि मगच पुढे जावे. २००१ साली अमेरिकेत सतरा संगणकतज्ज्ञांनी एकत्र येऊन लहान लहान टप्प्यांनी काम करून ग्राहकाला वारंवार दाखविण्याचा जो जाहीरनामा काढला, त्याचा निम्मा आशय एवढ्यात येतो. अवघड नावे मागाहून शिकली तरी चालतील.

हे शिक्षण मराठीत द्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. हिशेब, करार आणि जाब यांची भाषा जी माणसाच्या जिभेवर सहज येते तीच असावी. परक्या भाषेत मुलगा व्याख्या पाठ करतो, वाद घालीत नाही. 'सर्व्हर', 'डेटा' हे शब्द खुशाल राहू द्यावेत, त्यांनी मराठी बुडत नाही. मात्र त्याच मुलाने कन्नड आणि इंग्रजीही नीट शिकावे. आमचा विरोध सक्तीला आहे, कन्नड भाषेला कधीच नव्हता. आणि ज्याला सरकारी मसुद्यातील उणीव दाखवावयाची आहे त्याला तो मसुदा मुळातून वाचता आलाच पाहिजे.

आमचे काही जुने सहकारी विचारतील की चळवळीच्या पत्राने या भानगडीत का पडावे? काळा दिवस जवळ आला की मोर्चाची आखणी कोण करतो, हे त्यांनीच आठवावे. कोणत्या गावातून किती गाड्या, परवानगीचा अर्ज कोणत्या तारखेला, पोलिसांनी वाट अडविली तर दुसरी वाट कोणती, पाण्याची सोय कोणाकडे. १९५८ च्या सत्याग्रहात तुकड्यांमागून तुकड्या पाठविणाऱ्यांनी कोणत्या विद्यापीठाचा अभ्यासक्रम पुरा केला होता? हा गुण आमच्या माणसांत आहे, संगणकाच्या कामात तो उतरविणारा शिक्षक तेवढा मिळत नाही. पुण्यात आणि बंगळुरात बेळगाव-खानापूरची शेकडो मुले याच उद्योगात चांगल्या पदांवर आहेत. गणपतीला ती गावी येतात. आरतीनंतरचे दोन दिवस त्यांनी गावच्या तंत्रनिकेतनाला द्यावेत, एकेका गटाचा प्रस्ताव वाचून त्यातील अंदाज तपासावेत. मोबदला म्हणून मोदक मिळतील, याची हमी आम्ही देतो.

तंत्रनिकेतनांच्या चालकांनी पुढील सत्रापासून निदान एका वर्गासाठी विकतचे प्रकल्प बंद करावेत आणि ग्राहकाच्या सहीचा प्रस्ताव सक्तीचा करावा. आणि ज्या वाचनालयांना आपली ग्रंथयादी अशा रीतीने करून घ्यावयाची आहे, त्यांच्या चिटणीसांनी पुस्तकांची संख्या, वाचनालयाच्या वेळा आणि संगणक आहे किंवा नाही एवढी माहिती आमच्या कार्यालयाकडे लेखी धाडावी. ती आम्ही याच पानावर छापू.