हजेरीपटावरचं एकटं नाव

मुलांनो, एक काम करा. आपल्या वर्गाची हजेरी डोळ्यांपुढे आणा आणि एकाच नावाची मुलं किती आहेत ते मोजा बरं! माझ्या चौथीच्या वर्गात तीन अथर्व आहेत. ‘अथर्व’ अशी हाक मारली, की तीन माना एकदम वर होतात. मग आडनाव जोडावं लागतं. आणि त्याच हजेरीपटावर एखादं नाव असं असतं, की साऱ्या शाळेत ते एकटंच! त्या मुलाला आडनाव सांगावं लागत नाही. पण त्याचं दुखणं निराळंच असतं.

असा एक मुलगा माझ्या वर्गात आहे. त्याला विचारलेलं नाही, म्हणून त्याचं नाव इथे लिहीत नाही. त्या नावात ‘धोंडा’ दडलेला आहे, एवढंच सांगते. पणजोबांचं नाव त्याला ठेवलंय. शाळा सुरू झाल्यावर एके दिवशी मधल्या सुट्टीत तो टेबलापाशी आला नि हळूच म्हणाला, “बाई, हजेरीत माझं नाव आर्यन लिहाल का?” मुलं खेळताना त्याला ‘ए दगड्या’ म्हणत होती. दोन दिवस तो मैदानावर गेलाच नव्हता.

आता नाव म्हणजे काही पाटीवरचं अक्षर नव्हे, की पुसलं आणि नवं लिहिलं. शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरात ते एकदा चढलं, की बाईंना आपल्या मर्जीने बदलता येत नाही. कायद्याने नाव बदलता येतं, पण ते शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध करावं लागतं. मी त्याला म्हटलं, “बदलायचं की नाही ते पुढे बघू. आधी ते आलं कुठून, ते तर पाहू!”

धोंडू, धोंडिबा, धोंडिराम, दगडू ही नावं आपल्या पणजोबांच्या काळात घरोघर ऐकू यायची. कुणी मुद्दाम वाईट नाव शोधून ठेवलं नव्हतं, बरं का! अधिक महिन्याला आपल्याकडे ‘धोंड्याचा महिना’ म्हणतात. हा जादा महिना साधारण पावणेतीन वर्षांनी एकदा येतो. 2023 साली अधिक श्रावण आला होता, आठवतो का? या महिन्यात जन्मलेल्या मुलाला धोंडू म्हणायची रीत होती.

दुसरं कारण ऐकलंत, तर हसू पळून जाईल. त्या काळी देवीसारख्या रोगांनी तान्ही मुलं फार दगावत. ज्या आईची एकदोन बाळं गेलेली असत, ती पुढच्या बाळाचं नाव दगडू किंवा धोंडू ठेवी. दगडाला कुणाची दृष्ट लागत नाही आणि तो ऊनपावसात टिकतो, तसं माझं बाळ टिकू दे, एवढंच तिचं मागणं! नावाने रोग थांबत नव्हते, हे आपल्याला ठाऊक आहे. ते काम पुढे लशींनी केलं. पण त्या नावामागची माया काही खोटी नव्हती.

आणि या नावांची माणसं काय साधी होती? पुण्याला गेलात की ‘दगडूशेठ’ गणपतीपुढे हात जोडता ना? ते दगडूशेठ हलवाई म्हणजे मिठाईचे व्यापारी. तिथे उभं राहून त्यांच्या नावाला कुणी हसतं का? महर्षी कर्वे तर सर्वांना माहीत आहेत. त्यांचं नाव धोंडो केशव कर्वे. जन्म 1858 चा. विधवांचं जगणं कठीण होतं, तेव्हा त्यांनी त्यांच्यासाठी आश्रम काढला. 1916 साली महिलांचं विद्यापीठ सुरू केलं. 1958 साली, वयाच्या शंभरीत, त्यांना भारतरत्न मिळालं!

एकेकाळी घरोघरचं नाव दुर्मिळ कसं होतं, ते आपण पाहिलं. आता उलटी गंमत ऐका. ‘सचिन’ हे नाव तुम्हाला अगदी आपलं वाटतं ना? ते आलं बंगालकडून! बंगालीत ते ‘श’ने आणि दीर्घ ‘ची’ने, म्हणजे ‘शचीन’ असं लिहितात. शची म्हणजे इंद्राची पत्नी. त्रिपुराच्या राजघराण्यात 1906 साली जन्मलेले सचिन देव बर्मन मुंबईला आले आणि हिंदी चित्रपटांचे मोठे संगीतकार झाले. मराठी कवी आणि प्राध्यापक रमेश तेंडुलकर यांना त्यांचं संगीत फार आवडायचं. 1973 च्या एप्रिलमध्ये मुलगा झाला, तेव्हा त्यांनी त्याचं नाव सचिन ठेवलं. पुढचं मी सांगायला नकोच!

माझ्या लहानपणी आमच्या वर्गात दोन सचिन होते, एक ‘मोठा’ आणि एक ‘बारका’. आज माझ्या वर्गात एकही नाही. पाहिलंत? नावांचं हे असं रहाटगाडगं आहे. भरलेलं गाडगं खाली होतं नि रिकामं भरून वर येतं.

आता एक कोरं करकरीत नाव. न्यूझीलंडचा क्रिकेटपटू रचिन रवींद्र तुम्ही पाहिला असेल. त्याचा जन्म 1999 साली वेलिंग्टनला झाला. आईवडील मूळचे बंगळुरूचे. 2023 च्या विश्वचषकात त्याने तीन शतकं ठोकली, तेव्हा सगळे म्हणू लागले, “राहुल द्रविडचा ‘रा’ आणि सचिनचा ‘चिन’ जोडून हे नाव केलंय!” त्याच्या वडिलांनी मात्र सांगितलं, की आईला ते नाव सुचलं. ऐकायला छान, लिहायला सोपं, म्हणून ठेवलं. दोन्ही नावं त्यात दडली आहेत, हे काही वर्षांनी ध्यानात आलं! म्हणजे नावाची गोष्ट बाहेरच्यांना नव्हे, घरच्यांना विचारावी, हेच खरं.

हे सारं मी वर्गात सांगितलं. दुसऱ्या दिवशी आमच्या त्या मुलाने आजीकडून कळलेली गोष्ट सर्वांना सांगितली. पणजोबांच्या आधीची तीन भावंडं तान्हेपणीच गेली होती. चौथे ते टिकले, म्हणून आज हा आहे! वर्ग अगदी गप्प झाला. ‘दगड्या’ ही हाक अजून कधीतरी कानावर येते. पण आता दुसरंच कुणीतरी “ए, नीट नाव घे” म्हणतं, आणि तो खो-खोला रोज मैदानावर असतो.

पालकांना एक विनंती. ‘कुणाचंच नसेल असं’ नाव हल्ली फार शोधलं जातं. जरूर शोधा. पण ते बाळाच्या आजीला म्हणता यावं आणि पहिलीतल्या मुलाला स्वतः लिहिता यावं, एवढं पाहा. आणि नाव जुनं असो की नवं, त्याची गोष्ट मुलाला अवश्य सांगा. वर्गात कुणी हसलं, तर उत्तर द्यायला ती त्याच्याजवळ हवी.

आणि मुलांनो, तुमचं या आठवड्याचं काम: आपलं नाव कुणी ठेवलं, का ठेवलं, आधी दुसरं कोणतं ठरलं होतं, ते घरात विचारून वहीत लिहा. आणि वर्गात ज्याचं नाव एकटंच आहे, त्यालाही त्याची गोष्ट विचारा. पण हसायच्या आधी, बरं का!