पहाटेचें विमान आणि निजलेलें मूल

आमच्या सुशिक्षित मध्यमवर्गांत अलीकडे एक नवें व्रत बोकाळलें आहे. सुट्टी लागली कीं सहकुटुंब प्रवासास निघावयाचें, आणि निघावयाचें तें पहाटे पांच-सहा वाजतां सुटणाऱ्या पहिल्या विमानानें! या व्रतांत उपास नाहीं, पण जागरण आहे. आणि तें जागरण ज्याच्या वांट्यास सर्वांत अधिक येतें त्यानें व्रताचा संकल्प कधींच सोडलेला नसतो. हा व्रतस्थ म्हणजे घरांतील तीन-चार वर्षांचें मूल. तिकिटें काढतांना त्यास कोणी विचारीत नाहीं, हें साहजिक आहे. परंतु त्याच्या वतीनें विचार करणारेंही कोणी घरांत नसावें, हें मात्र आम्हांस साहजिक वाटत नाहीं. या व्रताविरुद्ध चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. आम्हीं स्वतः तें एकदां आचरिलें असल्यामुळें हे शब्द वाचकांनीं एका अपराध्याचे समजावेत.

आमचें बिऱ्हाड बीडास. येथें प्रवासी विमानांचा तळ नाहीं. अहिल्यानगराहून बीडपर्यंत आगगाडी आली ती २०२५ च्या सप्टेंबरांत, आणि तिचा आनंदच आम्हां बीडकरांस अजून पुरता पचलेला नाहीं. विमान गांठावयाचें तर सुमारें १३० किलोमीटर दूर छत्रपती संभाजीनगरास जावें, नाहीं तर जवळजवळ तितकाच आणखी पल्ला तोडून पुण्यास जावें. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टींत आमच्या चिरंजीवांनीं केरळचा बेत केला. पुण्याहून कोचीस जाणारें विमान, वेळ सकाळीं ६ ची. दुपारच्या विमानापेक्षां माणशीं हजार-बाराशें रुपये कमी, आणि शिवाय 'एक अख्खा दिवस हातीं लागतो' हा युक्तिवाद. आयुष्याचीं तीस वर्षें मुलांस शिकविण्यांत घालविलेल्या आम्हींच या युक्तिवादास प्रथम मान डोलाविली, हें येथें कबूल केलेलें बरें.

आतां हिशेब पाहावा. विमान ६ वाजतां. दोन तास आधीं, म्हणजे ४ वाजतां, तळावर हजर. रस्ता पांच-सहा तासांचा. म्हणजे घर सोडावयाचें रात्रीं १० वाजतां. आमची चार वर्षांची नात ९ वाजतां निजते. साडेनवास सूनबाईंनीं तिला उठवून अंगांत प्रवासाचे कपडे चढविले. तिनें अर्धवट डोळे उघडून आम्हांस विचारलें, "आबा, सकाळ झाली?" आम्ही "हो" म्हणालों. आजोबांनीं नातीस सांगितलेली ही पहिली लबाडी, आणि ती हजार-बाराशें रुपयांसाठीं!

पुढील हकीकत थोडक्यांत सांगतों. नगर मागें पडतांच मोटार हांकणारा जांभया देऊं लागला. दोनदां गाडी थांबवून त्यास चहा पाजावा लागला. मुलीस वांती झाली. विमानतळावर तिला पुन्हा उठविलें. तपासणीसाठीं तिची बाहुली पेटाऱ्यांबरोबर सरकत्या पट्ट्यावर गेली तेव्हां तिनें टाहो फोडला. विमानांत जरा डोळा लागतो न लागतो तोंच तें उतरूं लागलें, आणि ती कान धरून रडूं लागली. ९ च्या सुमारास उतारगृहीं पोंचलों. तेथें खोली मिळावयाची दुपारीं २ वाजतां. हातीं लागलेल्या अख्ख्या दिवसाचे पहिले पांच तास आम्हीं ओसरींत सामानावर बसून काढले. दुपारीं मूल निजलें, आणि कोचीचीं तीं प्रसिद्ध चिनी जाळीं पाहण्याच्या वेळीं त्यास बळेंच उठवावें लागलें. तें हट्टास पेटलें. आणि चिरंजीवांनीं, जे एरवीं तिच्यावर कधीं हात उगारीत नाहींत, तिला भर धक्क्यावर एक चापट दिली. ज्या सहलीसाठीं हें सर्व केलें तिचा आरंभ असा झाला.

या प्रवासाचें समर्थन करणारे जे चार-पांच मुद्दे आम्हीं घरोघर ऐकतों, त्यांचा आतां क्रमानें विचार करूं.

पहिला मुद्दा स्वस्ताईचा. विमान ही अत्यंत महाग वस्तु असल्यामुळें तें जमिनीवर उभें राहणें कंपनीस परवडत नाहीं. म्हणून पहाटेपासून रात्रीपर्यंत त्याच्या जितक्या फेऱ्या होतील तितक्या ती करविते. पहाटेची फेरी पुष्कळदां स्वस्त पडते याचें कारण ती वेळ बहुतेकांस नकोशी असते. कंपनी आपल्या जागीं योग्यच करते. तिच्यावर आमचा रोष नाहीं. प्रश्न इतकाच कीं, जी गैरसोय सोसण्याबद्दल ही सूट मिळते ती सोसतें कोण? सूट खिशांत पडते बापाच्या, आणि गैरसोय मुलाच्या पदरीं. शिवाय रात्रीच्या मोटारीचें वाढीव भाडें, तळावरील महागडा चहा-फराळ आणि वेळेआधीं खोली हवी असल्यास तिचे निराळे पैसे हीं सर्व त्या सुटींतून वजा घातलीं, म्हणजे उरतें काय तें ज्यानें त्यानें वहींत मांडून पाहावें.

दुसरा मुद्दा 'दिवस वांचतो' हा. आमच्या मतें येथें हिशेबाची ढळढळीत चूक आहे. वांचलेला दिवस हा रात्रीच्या झोपेंतून कापून काढलेला असतो. आणि तें कर्ज मूल त्याच दिवशीं व्याजासह वसूल करतें. अमेरिकेंतील निद्रावैद्यकाच्या संस्थेनें २०१६ सालीं ठरविलेल्या प्रमाणानुसार एक ते दोन वर्षांच्या मुलास चोवीस तासांत ११ ते १४ तास, तीन ते पांच वर्षांच्या मुलास १० ते १३ तास आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलास ९ ते १२ तास झोप लागते. त्यांतही मुलांची गाढ झोप मुख्यतः रात्रीच्या पहिल्या तृतीयांशांत येते. त्या वेळीं उठविलेलें मूल भांबावतें, ओळखीच्या माणसासही झिडकारतें, कारणाशिवाय रडतें. आपण त्यास हट्टी म्हणतों. वस्तुतः तें पुरतें जागें झालेलेंच नसतें.

तिसरा मुद्दा, 'मूल काय, विमानांतही झोपेल.' ज्यांनीं हें म्हटलें त्यांनीं वाटेंतील टप्पे मोजावेत. घरीं उठविणें, मोटारींतून उतरविणें, दारावर कागद दाखविणें, तपासणी, विमानांत चढणें, पट्टा आवळणें, आणि शेवटीं उतरणें. त्यांतून लागलीच झोप, तर ती उतरण्याच्या सुमारास लागते. विमान खालीं येतांना आंतील हवेचा दाब वाढतो, आणि कानापासून घशापर्यंत जाणारी नळी उघडल्यावांचून कानाच्या पडद्यावरील ताण जात नाहीं. ती उघडते गिळण्यानें. आणि झोपेंत माणूस कमी गिळतो. म्हणूनच विमान उतरतांना मुलास जागें ठेवून कांहीं प्यावयास द्यावें, असें वैद्य सांगतात. तात्पर्य, जी झोप विमानांत मिळेल म्हणून घरीं मोडली, ती विमानांतही मोडावीच लागते.

चवथा मुद्दा खरा आहे, व तो आम्ही मोकळ्या मनानें मान्य करतों. दिवसाचें पहिलें विमान रात्रभर तळावरच उभें असल्यामुळें तें वेळेवर सुटण्याचा संभव अधिक. दुपारनंतरच्या विमानांस आधींच्या फेऱ्यांचा उशीर भोंवतो. सकाळची हवाही बहुधा शांत असते. ज्यांचें घर तळापासून अर्ध्या तासावर आहे, किंवा आजारपण अथवा नोकरी यांमुळें ज्यांस निघणें भागच आहे, त्यांच्याशीं आमचा वाद नाहीं. परंतु आमच्यासारख्या लांबच्या गांवांतील माणसानें येथें एक गोष्ट विसरूं नये. विमान वेळेवर सुटावें म्हणून आपण ज्या रस्त्यानें धांवतों तो रात्रीं दोन ते पांचचा रस्ता असतो, आणि त्याच वेळीं माणसाच्या डोळ्यांवर झोपेचा अंमल सर्वांत जड असतो. आमच्या गाडीचा चालक दोनदां जागा झाला. तिसऱ्यांदां झाला नसता, तर हा लेख लिहावयास आम्ही राहिलों नसतों.

पांचवा मुद्दा वडीलधाऱ्या मंडळींचा, म्हणजे आमच्याच पिढीचा. 'आमचे पूर्वज ब्राह्ममुहूर्तावर उठत. आम्ही स्वतः लहानपणीं रात्रीच्या एस. टी. नें हिंडलों, आम्हांस काय झालें?' ब्राह्ममुहूर्त म्हणजे सूर्योदयापूर्वीं सुमारें दीड तास. रात्रीं साडेनवास मुलास उठविणाऱ्यानें त्याचें नांव घेऊं नये. त्या मुहूर्तावर उठणारें घर दिवेलागणीनंतर लवकरच निजत असे, हेंही ध्यानांत ठेवावें. एस. टी. ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजीं पुणें व नगर यांच्या दरम्यान धांवली. त्याच रस्त्यावर आमच्या पिढीनें आईच्या मांडीवर कितीक रात्री काढल्या. परंतु त्या मांडीवरून आम्हांस मध्यें कोणी उठविलें नव्हतें. गाडींत एकदां टाकलें, तें गांव आल्यावर उचललें.

कपिलधारेचें उदाहरणही आमच्या एका स्नेह्यांनीं आमच्यापुढें टाकलें. बीडच्या दक्षिणेस, मांजरसुंब्याजवळ बालाघाटाच्या डोंगरांत हें स्थान आहे. 'परमरहस्य' या मराठी ग्रंथाचे कर्ते वीरशैव संत मन्मथस्वामी यांची तेथें समाधि आहे, आणि जवळच उंच कड्यावरून धबधबा कोसळतो. कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेस मराठवाड्याच्या निरनिराळ्या भागांतून पायीं दिंड्या येतात. 'त्या दिंड्यांतील माणसें पहाटेच चालूं लागतात, त्यांत लेंकुरवाळ्या बायाही असतात,' असें स्नेह्यांचें म्हणणें. खरें आहे; पण ती पहाट मुक्कामावर निजून उठलेल्यांची असते. शिवाय दिंडीच्या मनांत वाट ही यात्रेचाच भाग असते, आणि दमलेलें मूल खांद्यावर घेणारें कोणी ना कोणी तेथें भेटतें. आपल्या सहलींत वाट ही केवळ उरकून टाकावयाची पीडा झाली आहे. आणि पीडा उरकतांना माणूस सोबतच्या दुर्बळाकडे पाहत नाहीं.

येथें आमच्या वर्गाच्या एका विसंगतीकडे बोट दाखविणें आवश्यक आहे. लहान मुलांची झोप पुरी होत नाहीं, शाळा उशिरां भराव्यात, अशी सूचना त्या वेळचे राज्यपाल रमेश बैस यांनीं २०२३ च्या डिसेंबरांत केली. आणि २०२४ च्या फेब्रुवारींत पूर्वप्राथमिक ते चवथीपर्यंतचे वर्ग सकाळीं ९ च्या आधीं भरवूं नयेत असा शासननिर्णय निघाला. आमच्या परिचयांतील अनेक आईबापांनीं या निर्णयाचें स्वागत केलें. सातच्या शाळेस मूल उठविणें हा जुलूम, असें तेच म्हणत होते. आणि सुट्टी लागतांच त्यांनींच त्या मुलास मध्यरात्रीं उठवून मोटारींत बसविलें! एप्रिल २०२४ मध्यें नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानें बारा वर्षांपर्यंतच्या मुलास आईबापांपैकीं एकाच्या शेजारींच जागा द्यावी, असा आदेश कंपन्यांस दिला. मुलानें कोठें बसावें हें सरकारनें पाहिलें. त्यानें केव्हां निघावें हें पाहणें घरच्यांकडेच राहिलें आहे.

आणि घरच्यांत आणखी एक जागें राहतें, त्याचा उल्लेख न करणें कृतघ्नपणाचें होईल. त्या रात्रीं घरांतील स्त्री निजतच नाहीं. सामान बांधणें, मुलाचें दूध, औषधें, वाटेंतील खाणें, मागें राहणाऱ्यांची व्यवस्था हें सर्व तिच्याकडे. आणि सकाळीं चिडलेलें मूलही तिच्याच कडेवर. सुट्टी तिचीही असते, असें आम्ही पुरुष तोंडानें म्हणतों.

उपाय अवघड नाहीं. दुपारचें विमान घ्यावें व वाढीव भाडें प्रवासखर्चांत आधींच धरावें. तें परवडत नसेल तर पाहावयाच्या स्थळांतून एक स्थळ कमी करावें. मुलास सहापैकीं पांच स्थळें पाहिल्याचें दुःख कधींच होत नाहीं. पहाटेवांचून गत्यंतरच नसेल तर आदल्या सायंकाळींच तळाजवळ मुक्कामास जावें, आणि मुलास वेळेवर निजवावें.

श्रावणांत आम्ही नातीस कपिलधारेस नेलें. ती आपणहून उठली, दूध प्याली, आणि ९ वाजतां आम्ही निघालों. अंतर वीसएक किलोमीटरांचें. धबधब्याचे तुषार अंगावर येतांच ती प्रथम भ्याली, मग आमचें बोट सोडून पुढें गेली. त्या पाण्याच्या आवाजाची नक्कल ती आजही करून दाखविते. केरळांत काय पाहिलें असें विचारलें तर म्हणते, "बाबांनीं मारलें." केरळचा त्यांत कांहींच दोष नाहीं. दोष आमच्या घड्याळाचा होता.

येत्या दिवाळींत पुन्हा विमानानेंच जावयाचें ठरलें आहे. तिकिटें दुपारीं १ ची आहेत, आणि चौघांचे मिळून चार-साडेचार हजार रुपये अधिक पडले आहेत. चिरंजीव थोडे कुरकुरले. सूनबाई कांहीं बोलल्या नाहींत, पण त्यांनीं तिकिटें दोनदां नीट पाहिलीं. आमचें म्हणणें ज्यांस पटत नसेल त्यांनीं त्यावर अवश्य टीका करावी. मात्र लेखणी उचलण्यापूर्वीं एकदां रात्रीं अकरा-बाराच्या सुमारास आपल्या निजलेल्या मुलाजवळ जावें, त्यास उठविण्यासाठीं हात पुढें करावा, आणि मग लिहावयास बसावें.