जीवरक्षक गाळणीच्या आधीचे दोन दिवस

अपस्माराचे झटके थांबावेत म्हणून गोळी सुरू करावी आणि दोन-तीन आठवड्यांत ताप यावा, डोळे लाल व्हावेत, तोंडात व्रण उठावेत, मग अंगावरची त्वचा भाजल्यासारखी सुटू लागावी, हा अनुभव कोणत्याही कुटुंबाला हादरवून टाकणारा असतो. ‘स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम’ आणि त्याचे अधिक उग्र रूप असलेला ‘टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस’ यांचे स्वरूप असेच आहे. हे आजार दुर्मीळ आहेत. मात्र, ३० टक्क्यांहून अधिक त्वचा सुटली, की दहापैकी साधारण तीन रुग्ण दगावतात. वाचलेल्यांपैकी अनेकांच्या डोळ्यांना कायमची इजा होते.

स्टेरॉइड किंवा सायक्लोस्पोरिन यांसारख्या औषधांना आजार दाद देत नाही, तेव्हा रक्तद्रव गाळण्याचा, म्हणजे प्लाझ्माफेरेसिसचा, पर्याय पुढे येतो. रुग्णाचे रक्त यंत्रातून फिरवून त्यातील रक्तद्रव वेगळा केला जातो, रक्तपेशी परत सोडल्या जातात आणि काढलेल्या द्रवाची जागा अल्ब्युमिन किंवा दात्याचा रक्तद्रव घेतो. दुहेरी गाळणीच्या पद्धतीत दुसरी, अधिक सूक्ष्म गाळणी मोठे रेणू अडवते आणि उपयुक्त अल्ब्युमिनचा बराचसा भाग रुग्णाला परत मिळतो. त्वचेच्या पेशी मारणारे दाहक घटक आणि औषधाचे रक्तातील अवशेष यांमुळे बाहेर पडतात, हा या उपचारामागचा विचार आहे. जपानमध्ये या उपचाराला आरोग्य विम्याचे संरक्षण आहे. तरीही त्याच्या बाजूचा पुरावा मुख्यतः मोजक्या रुग्णांच्या अनुभवांवर उभा आहे. त्यामुळे तो आशा देतो. हमी देत नाही. त्यात रक्तदाब उतरण्याचा आणि जंतुसंसर्गाचा धोकाही असतो.

आपल्याकडे असे यंत्र मोठ्या शहरांतील मूत्रपिंडविकार विभागांत किंवा रक्तपेढ्यांत सापडते. जिल्हा रुग्णालयातील रुग्ण तेथवर पोहोचेपर्यंत आजार बराच पुढे गेलेला असतो. या आजारात सर्वांत प्रभावी पहिला उपचार अगदी साधा आहे: संशयित औषध तत्काळ बंद करणे. त्यानंतर द्रव-क्षारांचे संतुलन, जखमांची निगा, ऊब, जंतुसंसर्गावर पाळत आणि नेत्रतज्ज्ञाची रोजची तपासणी. पहिल्या दोन दिवसांत हे घडले नाही, तर पुढे कितीही महागडी गाळणी लावली तरी गेलेला वेळ ती परत आणू शकत नाही.

हा धडा देशाने न्यायालयातही घेतला आहे. १९९८ मध्ये कोलकात्यात याच आजारावर उपचार घेतलेल्या एका तरुणीचा पुढे मुंबईत मृत्यू झाला. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये उपचारांतील निष्काळजीपणा मान्य केला आणि २०१३ मध्ये सुमारे ५.९६ कोटी रुपयांची भरपाई व्याजासह मंजूर केली. स्टेरॉइडची अवाजवी मात्रा आणि आधारभूत शुश्रूषेतील उणिवा या निकालाच्या केंद्रस्थानी होत्या.

यातील काही आघात टाळताही येतात. कार्बामाझेपिनमुळे होणाऱ्या या प्रतिक्रियेचा ‘एचएलए-बी १५:०२’ या जनुकीय प्रकाराशी संबंध आहे. भारतीय रुग्णांतही तो आढळला आहे. तैवानमध्ये सुमारे ४,९०० जणांची औषधापूर्वी ही चाचणी झाली. चाचणीत दोष आढळलेल्यांना ते औषध दिले नाही, आणि त्या गटात एकालाही हा आजार झाला नाही. आपल्याकडे मात्र ॲलोप्युरिनॉल, सल्फा, फेनिटॉइन यांसारखी औषधे धोक्याच्या लक्षणांची एक ओळही न सांगता हातात पडतात.

म्हणून तीन गोष्टी व्हायला हव्यात. पहिली, अशा औषधांसोबत रुग्णाच्या भाषेतील सूचना द्यावी: ताप, पुरळ किंवा तोंडात व्रण दिसताच गोळी थांबवा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा. यातून वाचलेल्याला निषिद्ध औषधांचे कार्डही मिळावे. दुसरी, प्रत्येक राज्याने जळीत विभाग, अतिदक्षता कक्ष आणि गाळणी यंत्र एकत्र असलेली केंद्रे ठरवून जिल्हा रुग्णालये त्यांच्याशी जोडावीत. उपचारांचा खर्च शासकीय आरोग्य योजनांनी उचलावा. तिसरी, २०१० पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय औषधसतर्कता कार्यक्रमात अशा प्रत्येक रुग्णाची नोंद व्हावी. गाळणी कोणाला वाचवते आणि कोणाला नाही, याचे उत्तर त्याच नोंदींतून मिळेल.

औषधावरचा रुग्णाचा विश्वास डळमळू नये, ही काळजी रास्त आहे. अपस्माराची गोळी भीतीपोटी अचानक सोडणेही घातक ठरू शकते. पण धोका दडवून टिकवलेला विश्वास पहिल्याच फोडाबरोबर फुटतो. रुग्णाला काय पाहायचे आणि कोठे जायचे, हे गोळी हाती देतानाच सांगितले, तर गाळणीपर्यंत जाण्याची वेळ अनेकांवर येणारच नाही.