शीतपेयांवरील कर : स्वातंत्र्य कोणाचे?

22 सप्टेंबर 2025 पासून गोड शीतपेयांवर 40 टक्के जीएसटी आहे. हा व्यक्तिस्वातंत्र्यावर घाला नव्हे. कर म्हणजे बंदी नाही. राज्यघटनेच्या कलम 47 नुसार जनतेचे पोषण व आरोग्य सुधारणे हे शासनाचे प्राथमिक कर्तव्यच आहे. परंतु साखरेच्या आणि बिनसाखरेच्या गोड पेयावर कर सारखाच! मग लठ्ठपणा रोखणार कसा? ब्रिटनने 2018 मध्ये साखरेच्या प्रमाणानुसार कर लावताच कंपन्यांनी साखर घटवली. इथे तसे कारणच नाही. भार मात्र हिंगोली जिल्ह्यातील साखरा गावच्या मजुरावरही पडतो. म्हणून मागणी करा : कर साखरेच्या प्रमाणावर लावा, तो पैसा शाळेतील शुद्ध पाण्यावर आणि आरोग्य केंद्रांवर खर्च करा. स्वच्छ पाणीच मिळत नसेल, तर निवडीचे स्वातंत्र्य कसले?