किल्ली दिली, गाडी सांगितली नाही

‘जरा गाडी दे ना, दहा मिनिटांत आलोच.’ कॉलेजचा कट्टा असो, चहाची टपरी असो की लग्नाचा मांडव, हे वाक्य कानावर पडले नाही असा दिवस जात नाही. नाही म्हणणारा मित्रमंडळींत कायमचा चिक्कू ठरतो, म्हणून सहसा कोणी नाही म्हणत नाही. किल्ली हवेतून येते, मागणारा ती झेलतो आणि व्यवहार पुरा होतो. हजार रुपये उसने देताना माणूस ‘कशाला हवेत, कधी देशील’ असे चार प्रश्न विचारतो. लाखाची मोटरसायकल देताना मात्र फार तर ‘पेट्रोल टाक हं’ एवढेच म्हणतो.

या उसनवारीला नावे ठेवण्याचे कारण नाही. ज्या गावात शेवटची एसटी संध्याकाळीच निघून जाते, तिथे रात्री कोणाला दवाखान्यात न्यायचे तर शेजाऱ्याची गाडीच दाराशी येते. परगावी शिकायला आलेली मुले तर एका गाडीवर अख्खे वर्ष काढतात. कितीतरी जण पहिल्यांदा क्लच सोडायला शिकले तेही मित्राच्याच गाडीवर, गावाबाहेरच्या मैदानात. तेव्हा गाडी देऊ नका, असा उपदेश करण्यात अर्थ नाही. तो कोणी ऐकणारही नाही. तक्रार आहे ती गाडी ज्या तऱ्हेने दिली जाते तिच्याबद्दल, आणि दिल्यानंतर कायदा व विमा ज्या तऱ्हेने तिच्याकडे पाहतात त्याबद्दल.

एक गाडी चालवता आली की सगळ्या आल्या, असे आपण धरून चालतो. तसे नसते. होंडाची अ‍ॅक्टिवा 2001 मध्ये आली आणि शहरांतली एक पिढीच्या पिढी बिनगिअरच्या स्कूटरवर वाढली. स्कूटरच्या डाव्या मुठीपुढे असतो ब्रेक, मोटरसायकलच्या डाव्या मुठीपुढे क्लच. सरळ रस्त्यावर याने काही बिघडत नाही. अचानक समोर कुत्रे आडवे आले, की सवयीचा डावा हात पंजा आवळतो आणि गाडी थांबायच्या ऐवजी इंजिनपासून सुटून मोकळी धावू लागते. उजवा पाय ब्रेकवर जायला हवा हे डोक्याला ठाऊक असते, पण पायाला ते अजून कळलेले नसते. मोटरसायकलवाल्याने स्कूटर घेतली तर उलटा प्रकार: क्लच समजून डावी मूठ आवळायची आणि भर चौकात मागचे चाक करकचून थांबायचे.

मोटरसायकलींचेही आपसांत एकमत नाही. स्प्लेंडरसारख्या गाडीचे चारही गिअर पायाच्या पंजाने पुढे दाबत वर जातात. पल्सरचा पहिला खाली आणि बाकीचे वर. स्प्लेंडरवर हात बसलेला माणूस पल्सर घेतो, वेगात असताना पुढचा गिअर म्हणून पंजा दाबतो आणि गाडी तिसऱ्यातून दुसऱ्यात येते. इंजिन किंचाळते, मागचे चाक झटका खाते, मागे बसलेला पुढच्याच्या पाठीवर आदळतो. जुनी बुलेट तर वेगळेच प्रकरण. तिचा गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी. शिवाय किक मारण्याआधी अ‍ॅमीटरची सुई पाहायची, डीकॉम्प्रेशनचा खटका दाबून किक हलकेच खाली आणायची आणि मग अंगाचा भार टाकायचा. हे न सांगता कोणी बुलेट दिली, तर उलट्या किकेने पोटरी सुजलीच म्हणून समजा. येझदीचा मालकही पहिल्यांदा बसणाऱ्याची गंमत पाहत उभा राहायचा, कारण तिच्या किकचा आणि गिअरचा दांडा एकच. नवख्याला गिअर शोधूनही सापडायचा नाही.

आजच्या गाड्या शहाण्या झाल्यात म्हणावे, तर त्यांच्या खोड्या निराळ्या. अनेक नव्या मॉडेलांत साइड स्टँड खाली राहिले की पहिला गिअर टाकताच इंजिन बंद पडते. सुरक्षेसाठी ही सोय चांगलीच आहे; जुन्या गाड्यांचे खाली राहिलेले स्टँड वळणावर रस्त्याला टेकून कितीकांना आडवे करून गेले आहे. पण हे माहीत नसलेला माणूस पेट्रोल पंपावर रांग अडवून बटण दाबत बसतो. दुसरा घोळ लाल किल स्विचचा. कोणीतरी सहज बोट लावून तो बंद केलेला असतो आणि घेणारा घामाघूम होऊन मालकाला फोन करतो, ‘अरे, तुझी गाडी मेली.’ एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचे आहे, त्याखालच्यांना दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लावणारी यंत्रणा चालते. म्हणजे ब्रेक दाबल्यावर काय होणार, हेही आता गाडीचे वय आणि सीसी विचारल्याशिवाय सांगता येत नाही.

हे टपरीवरचे तर्क नाहीत. अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या पथकाने लॉस एंजेलिस भागातल्या 900 मोटरसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली. अहवाल 1981 मध्ये निघाला. अपघातात सापडलेल्यांना रस्त्यावर गाडी चालवण्याचा सरासरी जवळपास 3 वर्षांचा अनुभव होता, तरी निम्म्याहून अधिकांचा त्या विशिष्ट मोटरसायकलवरचा अनुभव 5 महिन्यांपेक्षा कमी होता. आणि 92 टक्के लोक गाडी स्वतःच शिकलेले किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या अभ्यासाने यावर शिक्कामोर्तबच केले. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वय आणि इतर बाबी जमेस धरल्यावर नुसत्या वर्षांच्या अनुभवाचा फारसा उपयोग दिसला नाही. उपयोग दिसला तो त्याच गाडीशी असलेल्या ओळखीचा: जी गाडी माणसाने 10,000 किलोमीटर किंवा त्याहून जास्त चालवली होती, तिच्यावर जखमी होण्याची शक्यता जवळपास निम्मी. वीस वर्षे गाडी चालवतोय, असे छातीठोक सांगत मित्राची किल्ली घेणाऱ्यांनी हा आकडा एकदा वाचावा.

भारतात 2022 मध्ये रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे गेली आणि त्यांतली 44.5 टक्के दुचाकीवरची होती, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचाच अहवाल सांगतो. त्यांतल्या किती जणांच्या हाती दुसऱ्याची गाडी होती, हे त्या तक्त्यांवरून कळत नाही. गाडी मालकाची की मागून आणलेली, एवढा एक रकाना अपघाताच्या नोंदीत घालायला फार मोठी यंत्रणा लागू नये.

कायदा देणाऱ्याला मोकळा सोडत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 5 नुसार परवाना नसलेल्याच्या हाती गाडी देणे हाच मालकाचा गुन्हा आहे. कलम 180 खाली त्याला 3 महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपये दंड किंवा दोन्ही. घेणारा अल्पवयीन असेल तर 2019 च्या दुरुस्तीने आलेले कलम 199अ लागते. त्यात पालकाला किंवा मालकाला 3 वर्षांपर्यंत कैद व 25,000 रुपये दंड, शिवाय गाडीची नोंदणी 12 महिन्यांसाठी रद्द. परवानाही कुठलाही चालत नाही. बिनगिअरच्या दुचाकीचा परवाना घेऊन गिअरची मोटरसायकल चालवणारा कायद्याच्या लेखी परवान्याविनाच असतो. ‘लायसन आहे ना?’ असे विचारणारे काही मित्र तरी आहेत, ‘कशाचे?’ हे कोणी विचारत नाही. सिग्नल तोडल्याचे ई-चलान मालकाच्याच मोबाइलवर येते, आणि त्या दिवशी गाडीवर कोण होते हे पोलिसांना सांगण्याची जबाबदारी कलम 133 ने त्याच्यावरच टाकली आहे. त्या एका मेसेजने किती मैत्रीत अबोला आला असेल!

घेणाऱ्याची बाजू मात्र याहून वाईट आहे, आणि तिची चर्चा होतच नाही. इलकल हे इरकली लुगड्यांमुळे मराठी घरांत ओळखीचे गाव. तिथून एक माणूस 1999 मध्ये दुसऱ्याची मोटरसायकल मागून घेऊन आपल्या गावी निघाला. पुढे लोखंडी पत्रा घेऊन चाललेली बैलगाडी एकाएकी थांबली, तो तिच्यावर आदळला आणि गेला. बायकोने व वारसांनी गाडीच्या विमा कंपनीकडे भरपाई मागितली. सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये सांगितले की मागून आणलेली गाडी चालवणारा मालकाच्या जागी उभा असतो, म्हणून तो ‘तिसरा पक्ष’ ठरत नाही. कलम 163अ खाली मागितलेली भरपाई त्यामुळे मिळाली नाही. दुसऱ्या कलमाखाली काही देता येते का, हे पाहण्यासाठी प्रकरण उच्च न्यायालयाकडे परत गेले. राजस्थानातल्या अशाच प्रकरणात 2020 मध्ये न्यायालयाने तेच तत्त्व पुन्हा लावले. दोन मोटरसायकलींची टक्कर झाली होती, मृत मागून आणलेल्या गाडीवर होता आणि वारसांनी दावा केला होता तो त्याच गाडीच्या मालकावर व विमा कंपनीवर. समोरच्या गाडीवाल्याला त्यांनी दाव्यात ओढलेच नव्हते. हाती आले 1 लाख रुपये आणि व्याज, तेही पॉलिसीत मालक-चालकासाठी जी वैयक्तिक अपघात रक्कम होती ती न्यायालयाने या चालकाला लागू केली म्हणून.

आता गोम इथेच आहे. 2018 पासून ही सक्तीची रक्कम 15 लाख रुपये झाली, पण ती ‘मालक-चालका’ची. पॉलिसीच्या अटीप्रमाणे गाडी त्याच्या नावावर हवी, विमा त्याच्या नावावर हवा आणि परवाना त्याच्याकडे हवा. मागणारा पहिल्या दोन अटींतच बाद. म्हणजे भरपाई मागायला गेला की तू मालकासारखा, म्हणून तुला नाही. आणि मालकाचे कवच मागितले की तू मालक नाहीस, म्हणून तुला नाही. एका निकालात न्यायालयाने उदारपणे वाट काढून दिली, पण प्रत्येक विधवेने दिल्लीपर्यंत जाऊन 1 लाख आणायचे, ही काही व्यवस्था म्हणता येत नाही.

विमा नियामकाने यावर करायचे काम छोटे आहे. मालक-चालकाच्या सक्तीच्या कवचात ‘मालकाच्या परवानगीने चालवणारा परवानाधारक’ एवढे शब्द घालावेत. हप्ता थोडा वाढेल, हा आक्षेप खरा आहे; परंतु ज्या देशात एकेका दुचाकीवर सगळे घर, शेजार आणि मित्र मिळून फिरतात, तिथे फक्त एका नावाला संरक्षण देणारी पॉलिसी विकणे हे वास्तवाकडे पाठ फिरवणे आहे. निदान पॉलिसीच्या पहिल्या पानावर मराठीत ठळक छापावे की दुसऱ्याने चालवली तर हे 15 लाख मिळणार नाहीत.

तोवर देणाऱ्याने दोन मिनिटे काढायला हरकत नसावी. गिअर खाली की वर, पुढचा ब्रेक किती धरतो, रिझर्व्ह आहे की काटाच खोटा आहे, स्टँड काढले नाही तर काय होते, हे गाडी उभी असतानाच दाखवावे आणि घेणाऱ्याला गल्लीत एक फेरी मारायला लावावी. घेणाऱ्यानेही मागे माणूस बसवण्याआधी रिकाम्या रस्त्यावर दोनदा ब्रेक मारून पाहावेत. आणि हेल्मेट. नवी दुचाकी विकताना उत्पादकाने हेल्मेट द्यायलाच हवे, असा केंद्रीय मोटार वाहन नियम आहे. गाडी उसनी जाते तेव्हा ते हेल्मेट घरी खुंटीवर असते, आणि बरोबर आलेच तर मालकाच्या डोक्याच्या मापाचे असते, त्यामुळे घेणाऱ्याच्या डोक्यावर ते डुगडुगते किंवा आरशाला लटकते. ज्याला महिन्यातून चारदा मित्राची गाडी लागते, त्याने पेट्रोल टाकून परत करण्याबरोबर स्वतःच्या मापाचे, आयएसआय शिक्क्याचे एक हेल्मेटही घेऊन ठेवावे. गाडीच्या मानाने ते फार स्वस्त पडते.