मुक्काम बरडावर हवा

घरासारखी मोटार अथवा तंबू घेऊन रानात मुक्काम करण्याच्या हौसेला महाराष्ट्र शासनाने २०२१ च्या कॅरॅव्हॅन पर्यटन धोरणाने मान्यता दिली. उद्या चिंतामणीच्या दर्शनास येणारी मंडळी कळंबास चक्रावतीच्या काठी उतरू लागली, तर ते स्वागतार्हच ठरेल. प्रश्न जागेचा आहे. पाण्यालगतची सपाट, मोकळी जागा नवख्याला भुरळ घालते. परंतु ती सपाट कोणी केली, हे तो विचारीत नाही. ती पुराने केलेली असते! ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुराने नागपूर जिल्ह्यातील मोवाड उद्ध्वस्त केले. दोनशेहून अधिक माणसे दगावली. तेथे पक्की घरे टिकली नाहीत, मग कापडाच्या तंबूची काय कथा? शिवाय आपली काळी माती! एका सरीने तिचा चिखल होतो आणि जड मोटार जागीच रुतते. नदीपासून दूर, चढावरचे मुरमाड बरड, कडुनिंबाची सावली आणि जवळ विहीर, एवढे पुरे आहे. अशी जागा गावातला कोणताही गुराखी दाखवील. मात्र परवानगी देण्यापूर्वी शासनाने पूररेषा आखून घ्यावी आणि मुक्कामाचे सांडपाणी नदीत न सोडण्याची अट घालावी.