आजार आमचे, संशोधक कोण?



दीक्षा घेऊन घरी परतलेल्या कुटुंबात जुन्या तसबिरी उतरतात, तथागतांची व परमपूज्य बाबासाहेबांची तसबीर चढते, आणि त्याच आठवड्यात केव्हातरी मुलांच्या शिक्षणाची गोष्ट निघते. मुलाने काय व्हावे ह्या प्रश्नाचे उत्तर बहुधा ठरलेले असते : डॉक्टर, नाहीतर कलेक्टर. ह्या आकांक्षेला आम्ही नावे ठेवीत नाही. ज्या समाजाच्या नाडीला हात लावण्यास वैद्य तयार नसे, त्याने आपल्या मुलाच्या गळ्यात स्टेथॉस्कोप पाहावा ही इच्छा स्वाभाविकच होय. परंतु त्याच वाटेवर एक वेगळे दार आहे, आणि त्याविषयी आपल्या घरांत फारसे बोलणे होत नाही. म्हणून आजचा हा लेख.

डॉक्टर आपल्यासमोर आलेल्या रुग्णास तपासतो. जो रुग्ण आलाच नाही, त्याचे काय? उपकेंद्राचे कुलूप आठवड्यातून किती दिवस उघडते, लस टोचणारी बाई गावात येऊन आपल्या वस्तीच्या तोंडाशीच का थांबते, बाळंतीण तालुक्यास पोहोचेपर्यंत वाटेत किती तास जातात, औषध शासनाने पाठविले असता ते खिडकीपर्यंत का येत नाही, एका दुखण्यापायी किती घरे कर्जात बुडतात : ह्या प्रश्नांचा मोजमाप करून, पुरावा गोळा करून घेतलेला शोध म्हणजे आरोग्यसेवांचे संशोधन. ह्यासाठी एम.बी.बी.एस. असलेच पाहिजे असे नाही. समाजशास्त्र, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, परिचर्या, समाजकार्य ह्यांपैकी कोणत्याही वाटेने मुलगा वा मुलगी येथे येऊ शकते.

हा विषय आपल्या धम्माला परका नाही. विनयपिटकातील ती कथा तुम्ही विहारात ऐकली असेल. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्षू आपल्याच मलमूत्रात पडून होता. भगवंतांनी आनंदास पाणी आणावयास सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून मंचावर निजविले. आपण ही कथा करुणेची म्हणून सांगतो व तेथेच थांबतो. पण कथा पुढे आहे. भगवंतांनी संघ जमविला आणि विचारणा केली की, ह्या भिक्षूची शुश्रूषा कोणी का केली नाही? उत्तर मिळाले की, तो कोणाच्या उपयोगी पडत नसे म्हणून. आजाराचे नाव विचारून भगवंत थांबले नाहीत. सेवा का पोहोचली नाही, हे त्यांनी सर्वांसमक्ष विचारले आणि मग शुश्रूषेचा नियमच घालून दिला. आरोग्यसेवांचा संशोधक आज हेच विचारीत असतो.

हे विचारणारे आपल्यातून का यावेत, अशी शंका कोणी घेईल. विज्ञानाला जात नसते हे खरे. पण प्रश्न विचारणाऱ्याला डोळे असतात, आणि ते कोठे वाढले ह्यावर त्यांना काय दिसते हे अवलंबून असते. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रामीण अस्पृश्यतेच्या एका पाहणीत 11 राज्यांतील 565 गावे घेतली होती. त्यांपैकी शेकडा 33 गावांत सरकारी आरोग्यसेवक दलितांच्या घरात पाऊल टाकीत नाहीत, असे आढळले. ही पाहणी करणाऱ्या अभ्यासकांत अमरावती जिल्ह्यातून आलेले, पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झालेले डॉ. सुखदेव थोरात होते. आरोग्यसेवक उंबरठ्याच्या आत येतो की बाहेरून हाक मारतो, हा रकाना ज्या पाहणीत नसतो तिला हे कधीच दिसत नाही. तो रकाना कागदावर कोणीतरी आखावा लागतो.

दुसरा दाखला घ्या. दलित स्त्रीच्या मृत्यूचे सरासरी वय 39.5 वर्षे, तर उच्चवर्णीय स्त्रीचे 54.1 वर्षे, हा आकडा दिल्लीच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ दलित स्टडीजच्या अभ्यासातून आला आणि 2018 साली संयुक्त राष्ट्रांच्या स्त्रीविषयक संस्थेने तो जगापुढे ठेवला. आपल्या सभांतून तो वारंवार सांगितला जातो, आणि पुष्कळदा चुकीचा सांगितला जातो. हे मृतांच्या वयाचे सरासरी मान आहे. त्यात तान्ही मुलेही येतात. जन्मलेली प्रत्येक मुलगी एवढीच वर्षे जगेल असा त्याचा अर्थ नव्हे. आकडा भीषण आहे, पण त्याचा अर्थ नीट न कळता तो व्यासपीठावरून फेकला, तर विरोधक एका वाक्यात तो उडवून लावतात. आकडे वाचणारी माणसे घरात नसली म्हणजे आपले दुःखही आपल्याला धड मांडता येत नाही.

विदर्भातील वाचकांस सिकलसेल हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. सांधे ठणकतात, रक्त उतरते, मूल शाळेतून वारंवार घरी येते. 1956 च्या अशोक विजयादशमीस नागपुरात लाखो लोकांनी दीक्षा घेतली. त्यानंतर दोन वर्षांच्या आत, 1958 साली, त्याच नागपुरातील शुक्ला व सोलंकी ह्या डॉक्टरांनी तत्कालीन महार समाजात हा रक्तदोष असल्याचे ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात नोंदविले. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्यास हा आजार होण्याचा संभव चारात एक, हे आता शाळेच्या पुस्तकातही सापडते. हायड्रॉक्सियुरिया ह्या गोळीने वेदनांचे झटके कमी होतात, हेही सिद्ध आहे. मग राहते काय? राहते ती सेवा. तालुक्याच्या रुग्णालयात ही गोळी महिन्यातील किती दिवस शिल्लक असते? सोयरीक ठरविण्यापूर्वी रक्त तपासून घेण्यास कुटुंबे का कचरतात, आणि मुलीच्या रक्तात दोष निघाला तर तो तिच्या माथी डाग म्हणून कसा मारला जातो? 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली व आदिवासी भागांतील 7 कोटी लोकांची तपासणी करण्याचे ठरविले. आदिवासी बांधवांस हा अग्रहक्क मिळाला, तो योग्यच. परंतु विदर्भातील बौद्ध वस्त्यांचे काय, हे विचारावयास बौद्ध संशोधक नसेल तर ते कोणी विचारावे?

आता छात्रवृत्तीकडे वळू. छात्रवृत्ती ही भीक आहे अशी लाज काही घरांत अद्याप वाटते, तर काही घरांत ती लॉटरी लागावी तशी वाटते. दोन्ही भावना टाकून द्या. 1913 साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दिलेल्या दरमहा साडेअकरा पौंडांवर बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकले. ती मुदत संपली म्हणून 1917 साली लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. पुन्हा लंडन गाठावयास 1920 साल उजाडले. त्यासाठी सिडनॅम कॉलेजातील पगारातून पै पै साठविली, शाहू महाराजांचे साहाय्य घेतले, मित्र नवल भथेना ह्यांच्याकडून कर्ज काढले. वेळेवर पैसा न मिळाल्याने विद्वानाच्या आयुष्यातील वर्षे कशी गळतात, हे ज्यांनी स्वतः भोगले, ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असतानाच 1944 साली अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. तुमच्या मुलांच्या खात्यात येणाऱ्या रकमेची वंशावळ ही अशी आहे.

नवदीक्षितांच्या मनात येथे एक भय असते : धर्म बदलला, आता सवलत जाईल काय? हे भय एके काळी खरे होते. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशात बौद्धांना स्थान नव्हते. महाराष्ट्र राज्याने 1960 पासून नवबौद्धांस सवलती लागू केल्या; केंद्राने मात्र 1990 साली कायदा दुरुस्त केला, तोपर्यंत एक पिढी नोकरीतून निवृत्त होऊ लागली होती. आज ज्यांची मूळ जात अनुसूचीत आहे, त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारल्याने त्यांचा अनुसूचित जातीचा हक्क जात नाही. कोणी कारकून वा गावपुढारी उलट सांगेल तर त्याला 1990 चे साल सांगा.

संशोधनासाठी केंद्राची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आहे. तिच्या वर्षाला 2,000 जागा आहेत. पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 व नंतर 42,000 रुपये, अधिक घरभाडे. एकूण मुदत जास्तीत जास्त पाच वर्षे. त्यासाठी नेट परीक्षेची पायरी आहे, आणि त्या परीक्षेत ‘सोशल मेडिसिन अँड कम्युनिटी हेल्थ’ हा स्वतंत्र विषय आहे. हे आम्ही मुद्दाम लिहितो, कारण ह्या विषयाचे नावही पुष्कळांनी ऐकलेले नसते. ह्या ज्ञानशाखेसाठी मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्था आहे, देवनारला लोकसंख्येचा अभ्यास करणारी संस्था आहे. दिल्लीत जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचे केंद्र आहे, तिरुअनंतपुरमला अच्युत मेनन केंद्र आहे. पुण्याच्या बार्टीची अधिछात्रवृत्ती महाराष्ट्रातील मुलांसाठी वेगळी.

कागदावर दार उघडे आहे. दाराशी उभ्या असलेल्या मुलांचा अनुभव मात्र वेगळा सांगतो. बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठी 2023 साली विद्यार्थ्यांना मुंबईच्या आझाद मैदानावर धरणे धरावे लागले. 2025 साली परदेशी शिक्षणाच्या राष्ट्रीय शिष्यवृत्तीसाठी 106 उमेदवार निवडले गेले आणि प्रथम त्यांतील 40 जणांनाच पत्रे मिळाली. उरलेल्यांस निधी उपलब्ध झाल्यास पत्र देऊ, असे कळविण्यात आले. परदेशातील विद्यापीठ वाट पाहत नसते. तेथील सत्र ठरल्या दिवशी सुरू होते. हैदराबादच्या रोहित वेमुलाने 2016 साली आपल्या अखेरच्या पत्रात सात महिन्यांची थकलेली अधिछात्रवृत्ती, एक लाख पंचाहत्तर हजार रुपये, आपल्या घरच्यांना मिळावी एवढी नोंद करून ठेवली होती. त्याच वर्षी 14 एप्रिलला त्याच्या मातोश्री व बंधू ह्यांनी मुंबईत धम्मदीक्षा घेतली. ते तुमच्यासारखेच नवदीक्षित कुटुंब.

ह्याहूनही गंभीर गोष्ट आहे, आणि तिची चर्चा व्हावी तेवढी झाली नाही. परदेशी शिक्षणाच्या ह्याच शिष्यवृत्तीच्या 2022 च्या नियमावलीत भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावर आधारित सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. कारण असे दिले गेले की, भारताचा अभ्यास भारतात अधिक चांगला होतो. वरवर पाहता हे शहाणपणाचे वाटेल. पण विचार करा. रोगजंतूवर संशोधन करणाऱ्या मुलीस वाट मोकळी; पण तो जंतू आमच्याच वस्तीत का ठाण मांडून बसतो आणि डॉक्टर तेथे का येत नाही, हे शोधू पाहणाऱ्या मुलीचा विषय ‘भारतावर आधारित सामाजिक अभ्यास’ ठरून तिचा अर्ज बाजूस पडण्याचा धोका उभा राहतो. बाबासाहेबांनी भारतातील जातींच्या उत्पत्तीवरील निबंध 9 मे 1916 रोजी न्यूयॉर्कमध्ये वाचला. हा नियम त्या काळी बडोद्यात असता तर त्यांचा विषयही बाद झाला असता. सरकारने हे कलम निखालस रद्द करावे, आणि राष्ट्रीय अधिछात्रवृत्तीतील काही जागा आरोग्यसेवांच्या संशोधनासाठी राखाव्यात, ही आमची मागणी आहे.

सरकारला आम्ही बोललो. आता तुम्हालाही बोलले पाहिजे. संशोधन पाच वर्षांचे असते. तिसऱ्या वर्षी मामा, काका येऊन म्हणतात, पोलिसभरती निघाली आहे, हे कागद काळे करणे पुरे. मुलगी असली तर ‘वय वाढते आहे’ हे वाक्य येते, आणि धम्मात आल्याचा अभिमान बाळगणारे घरही त्या वाक्यापुढे नमते. घरची ओढाताण आम्हांस ठाऊक आहे. दरमहा पगार आणणाऱ्या मुलाची किंमत ज्याची चूल पेटत नाही त्यालाच कळते. तरीही, बाबासाहेबांच्या पाच अपत्यांपैकी एकटे यशवंतराव जगले, ही गोष्ट आपण जयंतीला सांगतो व डोळे पुसतो. त्या चार मुलांसारखी मुले आजही कोणत्या वस्तीत जातात व का जातात, हे मोजू पाहणाऱ्या मुलीस आपल्याच घरातून अर्ध्या वाटेवर परत बोलवू नये.

विहारांना आमची एक सूचना आहे. वर्षावासात जमणाऱ्या दानातील काही भाग वेगळा काढून त्यातून, अधिछात्रवृत्ती थकलेल्या संशोधकांस ती येईपर्यंत बिनव्याजी उसने द्यावे. रक्कम आली की परत घ्यावी व पुढच्याला द्यावी. दहा विहार मिळूनही असा निधी उभा करता येईल. हिशेब फलकावर लावावा, म्हणजे कुरबुरीला जागा राहणार नाही.

आणि ज्या घरातील मुलामुलींची अधिछात्रवृत्ती ह्या क्षणी थकलेली आहे, त्यांनी संशोधनाचा विषय, मंजुरीचे वर्ष आणि किती महिन्यांची रक्कम आलेली नाही एवढे आमच्या कार्यालयास पोस्टकार्डाने कळवावे. नाव छापू नये असे वाटत असल्यास तसे लिहावे. पुढील अंकापासून ही यादी ह्याच पानावर छापू, आणि तिची एक प्रत प्रत्येक पंधरवड्यास समाजकल्याण खात्याकडे रवाना होईल.